फॅशन डिझाइन शांततेच्या कामाला येतं का? एका विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न असा आला आहे: "मी अमरावतीला फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. पदवी प्रकल्पासाठी 'शांतता' हा विषय घेतलाय. बारा पोशाखांचं पांढरं कलेक्शन, त्यावर कबुतरं आणि ऑलिव्हच्या फांद्या भरायच्या, असं ठरवलंय. पण आजोबा म्हणतात, जगात युद्धं पेटलीत आणि तू झालरी कसल्या लावत बसलीस? फॅशन खरंच शांततेसाठी काही करू शकते का, की हे आमचं आपलं मनाचं समाधान?"

तुझ्या आजोबांचा प्रश्न रास्त आहे. तो झटकून टाकू नकोस. मी तीस वर्षं कपड्यांच्या कामात आहे, त्यातली निम्मी शिकवण्यात गेली, आणि कटिंगच्या टेबलापाशी उभं असताना हा प्रश्न मलाही कितीदा तरी पडलाय. (वयाने मोठी आहे म्हणून तुला 'तू'च म्हणते.)

माझं उत्तर: हो, करू शकते. लोकांनी करून दाखवलंय. पण जिथे कपड्याने खरंच काम केलं तिथे मला कबुतर फारसं दिसलेलं नाही. दिसतं ते अडवलेलं माणूस. त्याला बोलायला बंदी असते, चौघांत जमायला बंदी असते, झेंडा हातात धरायला बंदी असते, आणि कापड त्या बंदीतली फट शोधून बाहेर येतं. ती फट हुडकणं हे डिझायनरचं काम. पांढऱ्या पोशाखावर कबुतर भरलंस तर कोणाचीच अडचण होणार नाही. युद्धाचे हुकूम काढणारा माणूसही तो सदरा खुशाल अंगात घालेल.

सगळ्यात आधी झुझू एंजेलचा अभ्यास कर. ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतात १९२१ साली जन्मलेली ही बाई रिओमध्ये घरी शिवणकाम करत करत डिझायनर झाली. त्या काळी तिथले पैसेवाले लोक पॅरिसकडे बघून कपडे शिवायचे. हिने ईशान्य ब्राझीलमधल्या बायांची हाताने विणलेली लेस घेतली, गरिबांच्या घरातलं मोठ्या फुलांचं छापील सुती कापड घेतलं, शिंपले, बांबू, लाकडी मणी घेतले आणि त्यातून उंची पोशाख केले. आपल्याकडे खणाचं कापड चोळीतून निघून रॅम्पवर यायला किती वर्षं लागली ते आठव, म्हणजे तिने काय धाडस केलं ते कळेल. न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांत तिचे कपडे विकले जाऊ लागले. जोन क्रॉफर्ड, किम नोव्हाक अशा नट्या तिच्या गिऱ्हाईक होत्या.

ब्राझीलमध्ये १९६४ पासून लष्करी राजवट होती. १९७१ साली तिचा पंचविशीतला मुलगा स्टुअर्ट याला पकडून नेलं. तो राजवटीविरुद्धच्या सशस्त्र डाव्या गटात होता, हे लपवायचं कारण नाही. पण त्याच्यावर खटला चालवता आला असता. त्याऐवजी हवाई दलाच्या तळावर त्याचा छळ झाला, त्यात तो मेला, आणि आईला मुलगा मिळाला नाही, प्रेतही मिळालं नाही. तो आमच्याकडे नाहीच, असं उत्तर मिळत राहिलं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला तिच्या कलेक्शनचा शो ठरला होता. परदेशात जाऊन देशाची बदनामी करणं हा तेव्हा ब्राझीलमध्ये गुन्हा होता. तिने शो कुठे केला? न्यूयॉर्कमधल्या ब्राझीलच्या वाणिज्यदूताच्या घरी. तिचा हिशेब असा की वाणिज्यदूताचं घर म्हणजे ब्राझीलचीच जागा, मग परदेशात बोलल्याचा गुन्हा लावणार कसा? मघाशी म्हटलं ती फट ही अशी असते. कपडा शिवायच्याही आधी तिने जागा डिझाइन केली होती.

आता कपडे जवळून बघू. नेहमीचे सणासुदीचे, सुट्टीचे पोशाख होते, त्यातच अधूनमधून हे येत होते. त्यातला एक लांब पांढरा झगा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्यावर लहान लहान रंगीत भरतकाम, पाटीवर पोराने चित्रं काढावीत तसं वाकडंतिकडं. दहा फुटांवरून अगदी गोजिरं दिसतं. वाटतं, घर असेल, फूल असेल, ढग असेल. जवळ गेलं की दिसतो रणगाडा. शेजारी तोफ. पिंजऱ्यातला पक्षी, गजांआड कोंडलेला सूर्य, जखमी देवदूत. देवदूत म्हणजे तिचं आडनावच, आणि तिच्या कपड्यांची खूणही. इतकी वर्षं जो देवदूत तिची ओळख म्हणून मिरवत होता तोच आता तिचा मुलगा झाला होता. शेवटी ती स्वतः काळ्या पोशाखात आली, कमरेला क्रुसांचा पट्टा आणि गळ्यात देवदूत.

हुबेहूब रणगाडा भरणं तिला जड नव्हतं, हाताखाली कसबी बाया होत्या. मग बाळबोध का भरला, हा प्रश्न डिझायनर म्हणून स्वतःला विचार. मला वाटतं, हुबेहूब रणगाडा पाहून माणूस आहे तिथेच थबकतो, पोस्टर बघावं तसा. बाळबोध चित्र पाहून तो हसतो, कौतुकाने दोन पावलं पुढे येतो, वाकतो, आणि वाकल्यावर हसू जातं. ती दोन पावलं तिने टाक्यांनी घडवली. शिवाय ज्या मुलाबद्दल विचारायची बंदी होती त्याच्या बालपणीचा हात जणू त्या कापडावर आला.

मुलगा परत आला नाही. तिने गिऱ्हाइकांना सांगितलं, वार्ताहरांना सांगितलं, १९७६ साली अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर ब्राझीलला आले तेव्हा त्यांच्यापर्यंत कागदपत्रं पोहोचवली. मला अपघाती मरण आलं तर ते माझ्या मुलाच्या मारेकऱ्यांचं काम समजा, असं तिने मित्राजवळ लिहून ठेवलं होतं. १४ एप्रिल १९७६ रोजी रिओच्या एका बोगद्याच्या तोंडाशी तिची मोटार उलटली आणि ती गेली. तिच्या मृत्यूला राजवट जबाबदार होती हे ब्राझीलच्या सरकारी आयोगाने १९९८ मध्ये मान्य केलं. त्या बोगद्याला आज तिचंच नाव आहे. हे सगळं तुला मुद्दाम सांगते. या कामाची किंमत काय असू शकते ते माहीत असलेलं बरं, आणि फॅशन शोने राजवट पडत नाही हेही. पण तिचा मुलगा आमच्याकडे नाहीच, हे म्हणणं त्या शोनंतर राजवटीला पूर्वीइतकं सोपं राहिलं नाही.

आता एकही डिझायनर नसलेली गोष्ट. तीही माझ्या मते डिझाइनचा उत्तम नमुना आहे.

अर्जेंटिनात मार्च १९७६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि तरुण मुलं घरांतून उचलली जाऊ लागली. ३० एप्रिल १९७७ रोजी चौदा आया ब्यूनोस आयरिसच्या प्लाझा दे मायो या चौकात राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीसमोर जमल्या. जमावबंदी होती. पोलीस म्हणाले, उभं राहायचं नाही, चालत राहा. त्या चालत राहिल्या. दोघी दोघी हातात हात घालून चौकातल्या स्मारकाभोवती फेऱ्या घालू लागल्या. पुढे दर गुरुवारी दुपारी साडेतीनला हा नेमच झाला. चालत राहा हा हुकूम पाळूनच त्यांनी निदर्शनं केली.

त्याच वर्षी ऑक्टोबरात लुहानच्या देवीची यात्रा होती. लाखांच्या गर्दीत एकमेकींना ओळखायचं कसं? कोणीतरी सुचवलं, डोक्याला पोरांचे लंगोट बांधू या. तेव्हा तिथे बाळाला कापडी लंगोट असत आणि बहुतेक आयांनी आपल्या मुलांचे जपून ठेवलेले असत, पुढे नातवंडांना होतील म्हणून. चौकोनी पांढरं सुती कापड, तिरकं दुमडलं की त्रिकोण. आपल्याकडे जुन्या धोतराचा तिकोनी लंगोट करतात तीच घडी, फक्त बाळाच्या कमरेऐवजी आईच्या डोक्याला आणि गाठ हनुवटीखाली. पुढे त्यावर मुलाचं नाव आणि तो नाहीसा झाल्याची तारीख भरली जाऊ लागली, साध्या निळ्या दोऱ्याने.

तू तुझ्या प्रकल्पाचं परीक्षण करताना या लंगोटाला शेजारी ठेव. खर्च नाही. घरात आहेच. शिकावं लागत नाही. पर्समध्ये मावतं, क्षणात बांधता येतं, क्षणात काढता येतं. छायाचित्रात लांबून उठून दिसतं. पोलिसाने जप्त करायचं म्हटलं तर काय म्हणून करणार, बाळाचा लंगोट म्हणून? आणि एक अक्षरही न लिहिता ते सांगतं की ही कोणाची तरी आई आहे. त्या बायांनाही फार सोसावं लागलं. पहिल्या आयांमधल्या आसुसेना व्हियाफ्लोर यांना डिसेंबर १९७७ मध्ये पळवून नेऊन मारलं, आणि त्यांच्या अस्थींची ओळख पटायला २००५ उजाडलं. आज त्या चौकातल्या फरशीवर तो पांढरा रुमाल रंगवलेला आहे.

आपल्या घरातलं उदाहरण तर तुझ्या आजोबांनी रोज पाहिलं असेल. गांधी टोपी. ती कशी ठरली याचा वृत्तान्त साताऱ्यात जन्मलेल्या काकासाहेब कालेलकरांनी लिहून ठेवलाय आणि तो वाचताना मला कायम वाटतं की हा डिझाइनच्या वर्गातला धडा आहे. गांधीजींनी निरनिराळ्या प्रांतांची शिरोभूषणं एकेक करून तपासली. पागोटं थंड, पण कापड फार खातं. काळी टोपी घाम पिऊन बसते आणि मळ दाखवत नाही. काश्मिरी टोपी त्यांना पसंत पडली, कारण ती हलकी, करायला सोपी आणि सपाट घडी करून खिशात मावणारी. मग तिची लोकर काढून खादी घातली. रंग पांढरा, कारण मळ लगेच दिसतो आणि दिसला की धुवावी लागते. सपाट असल्याने धुणं, वाळवणं, घडी करणं सगळं सोपं.

कापड किती लागेल, कोण शिवू शकेल, धुणार कशी, मावणार कुठे, यातून ती टोपी झाली. देशभक्तीचं चिन्ह ती नंतर ठरली, लोकांनी डोक्यावर घेतल्यावर. काही ठिकाणी सरकारी नोकरांना ती घालायची मनाई झाली, म्हणजे समोरच्याला तिचा अर्थ पुरता कळला होता. तसाच २२ सप्टेंबर १९२१ चा मदुराईचा पंचा. विदेशी कापड टाका म्हटलं की लोक म्हणत, खादी मिळत नाही, परवडत नाही. गांधीजींनी उत्तर म्हणून स्वतःच्या अंगावरचं कापड कमी केलं. खादी पुरत नसेल तर कमी कापडात भागवा, हे त्यांनी अंगावर घालून दाखवलं. टंचाईवर काढलेला तोडगा म्हणून तो पंचा बघ, वेगळा दिसेल.

घोषणा छापलेल्या टी-शर्टांबद्दल तू विचारलं नाहीस, पण तुझ्या वर्गातलं कोणीतरी करणारच. त्याचंही एक चांगलं उदाहरण आहे. १८ मार्च १९८४ ला पंतप्रधान थॅचर यांनी लंडनच्या डिझायनरांना १०, डाउनिंग स्ट्रीटला बोलावलं होतं. कॅथरिन हॅम्नेट जाकिटाच्या आत एक ढगळ टी-शर्ट घालून गेली आणि थॅचरबाईंशी हात मिळवताना, कॅमेऱ्यांसमोर, तिने जाकीट उघडलं. ५८ टक्के लोकांना पर्शिंग नको, असं त्यावर होतं. पर्शिंग म्हणजे तेव्हा युरोपात आणलेली अमेरिकेची अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं. अक्षरं ठळक, काळी, छातीपासून पोटापर्यंत. वर्तमानपत्रातल्या कृष्णधवल फोटोतही वाचता यावीत अशी. त्या फोटोचा सुती-रेशमी धाग्यांशी काही संबंध नाही, तो सगळा अक्षरांच्या मापाचा आणि वेळेचा हिशेब आहे. हॅम्नेटच आठवण सांगते की थॅचर तिथल्या तिथे म्हणाल्या, आमच्याकडे पर्शिंग नाहीत, क्रूझ (अमेरिकेची दुसरी क्षेपणास्त्रं) आहेत. ते खरं होतं. ब्रिटनमधल्या तळावर क्रूझ होती, पर्शिंग पश्चिम जर्मनीत. म्हणून विद्यार्थ्यांना सांगते की कपड्यावर जे लिहाल ते चार वेळा तपासा. छापलेला टी-शर्ट रबरने खोडता येत नाही.

त्याच क्रूझविरुद्ध इंग्लंडमधल्या ग्रीनम कॉमनच्या लष्करी तळाबाहेर बायांनी मुक्काम ठोकला होता. डिसेंबर १९८२ मध्ये सुमारे ३०,००० बायांनी हातात हात धरून तळाला वेढा घातला आणि तारेच्या कुंपणावर बाळांचे कपडे, फोटो, घरातल्या वस्तू अडकवल्या. पुन्हा बाळांचे कपडेच. आणि ज्या गोल चिन्हाला सगळं जग आज शांततेचं चिन्ह म्हणतं ते जेराल्ड होल्टम या ब्रिटिश डिझायनरने १९५८ साली ऑल्डरमास्टनच्या अण्वस्त्रविरोधी मोर्चासाठी काढलं. झेंड्यांच्या खुणांच्या लिपीतली 'एन' आणि 'डी' ही दोन अक्षरं एकावर एक, म्हणजे 'न्यूक्लियर डिसआर्मामेंट', अण्वस्त्रांचा त्याग. मालकी हक्क घेतला नाही म्हणून ते जगभर गेलं. त्याचे पहिले बिल्ले एरिक ऑस्टिन यांनी भाजलेल्या मातीचे केले होते, आणि बिल्ल्यासोबत चिठ्ठी असे की अणुयुद्ध झालंच तर जे थोडं उरेल त्यात हा मातीचा बिल्ला असेल. साहित्य निवडायचं ते असं.

पॅलेस्टिनी बायांचं तत्रीज हे फुल्यांच्या टाक्याचं भरतकाम तू पाहिलं असशील. १९८७ पासूनच्या इस्रायलविरुद्धच्या पहिल्या उठावात त्यांचा झेंडा बाहेर दाखवला तर जप्त होई. तेव्हा बायांनी आपल्या लांब झग्यांवर झेंड्याचे रंग, नकाशा, जेरुसलेममधला घुमट भरले. हातातला झेंडा सैनिक ओढून घेऊ शकतो, बाईच्या अंगावरचा झगा भर रस्त्यात फाडून घेणं त्यालाही अवघड जातं. मात्र हा टाका सुंदर आहे म्हणून आपल्या कलेक्शनात उचलू नकोस. तो त्या बायांच्या गावांच्या नावाने ओळखला जातो, आणि ती गावं त्यांनी गमावलीत.

आता चिंध्यांबद्दल लिहिते, कारण माझं स्वतःचं काम त्यातलं आहे.

चिलीमध्ये सप्टेंबर १९७३ ला लष्करी उठाव झाला. घरातले पुरुष नाहीसे झालेल्या सान्तियागोच्या बायांना चर्चने आधार दिला, आणि तिथल्या कार्यशाळांत त्या गोणपाटाच्या तुकड्यांवर कापडाची ठिगळं लावून चित्रं शिवू लागल्या. त्यांना आर्पियेरा म्हणतात. मागे अँडीजचे डोंगर, वर सूर्य, खाली रंगीबेरंगी बाहुल्यांसारखी माणसं. जवळून बघितलं की तुरुंगाचं दार, रिकामी खुर्ची, हा कुठे आहे असं विचारणारा फलक. बाहुलीला घातलेला सदरा कधी कधी त्या हरवलेल्या माणसाच्याच सदऱ्याचा तुकडा असे. सही नसे. चर्चच्या ओळखीने ती परदेशी जात, विकली जात, आणि त्या पैशांवर चूल पेटे. सुरुवातीला राजवटीने ही बायकांची शिवणटिपण म्हणून दुर्लक्ष केलं. त्या दुर्लक्षातच ती पसरली.

हे वाचूनच मी एकदा गोधडीचं काम हातात घेतलं. गावाचं नाव सांगत नाही. दंगल होऊन सात-आठ महिने झाले होते, दोन वस्त्यांमधल्या रस्त्याने बाया अजून भरभर चालत. एका संस्थेने दोन्हीकडच्या अठरा जणींना जमवलं आणि मला बोलावलं. मी प्रत्येकीला एकच सांगितलं, घरातलं एक जुनं कापड आणा. पहिले दोन दिवस एकीकडे नऊ, दुसरीकडे नऊ. बोलणं फक्त माझ्याशी.

गोधडीचा धावदोरा कडेने सुरू होतो, चारी बाजूंनी फिरत फिरत आत येतो. चारी कडांना बाया बसतात आणि ओळी आत सरकतात तशा त्याही आत सरकतात. तिसऱ्या दिवशी दुपारी गुडघ्याला गुडघे लागायला लागले. सुई एकीची, दोरा संपला की मागायचा शेजारणीकडे. पहिलं बोलणं झालं ते दोऱ्यावरून: "जरा लांब तोडा, सारखी गाठ मारावी लागते." दुसरं, डोळ्यांच्या नंबरावरून. दंगलीचा विषय पाचव्या दिवसापर्यंत निघाला नाही, आणि निघाला तेव्हा भांडण झालं. दोघी उठून गेल्या, त्यातली एकच परत आली.

एकीने आणलेल्या ओढणीची कड जळकी होती. तिला ती कापायची नव्हती आणि वरही दिसू द्यायची नव्हती. मला काही सुचेना. पलीकडच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं, "आतल्या थरात घाल. गोधडीत आत काय आहे ते अंगावर घेणाऱ्यालाच कळतं." तशी ती आत गेली. वरून बघितलं तर काही दिसत नाही, पण त्या जागी हात फिरवला की कापड थोडं कडक लागतं.

पुढची चूक माझी. त्या गोधड्यांतली एक मी शहरातल्या प्रदर्शनात मांडली, शेजारी पाटीवर त्या गावाची गोष्ट लिहून. बायांना विचारलं नव्हतं. चांगल्या कामाची वाहवा होईल, दोन पैसे त्यांच्याकडे जातील, असं मनात होतं. एका गिऱ्हाइकाने विचारलं, जळकी ओढणी यातच आहे का, आणि तोच भाग हाताने चाचपून पाहिला. हे त्या बाईच्या कानावर गेलं तेव्हा तिने मला फोन केला. रागावली नाही. एवढंच म्हणाली, ताई, ती मी झाकायला दिली होती. मी गोधडी परत नेऊन दिली. तेव्हापासून कोणाचंही दुःख मी पाटीवर लिहिलेलं नाही, आणि जे काही मांडायचं त्याची परवानगी मांडायच्या आधी घेते, एकदा नाही, दोनदा. कार्यशाळेच्या भरात माणूस हो म्हणून जातं, आठवड्याने पुन्हा विचारलं की खरं उत्तर मिळतं.

त्या गावात शांतता आली का? गोधडीमुळे आली असं मी म्हणणार नाही. अठरातल्या सहाजणी पुढे चार वर्षं एकत्र शिवत होत्या आणि त्या रस्त्याने एकमेकींच्या दारापर्यंत जात होत्या, इतकं मी डोळ्यांनी पाहिलंय.

एक गोष्ट तुला कोणी वर्गात सांगेल की नाही माहीत नाही, म्हणून सांगते. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राना प्लाझा ही इमारत कोसळून १,१३४ माणसं मेली. बहुतेक जण जगभरच्या ब्रँडांचे कपडे शिवणारे कामगार होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर यायला लावलं होतं. शांततेचा संदेश छापलेला टी-शर्ट अशाच इमारतीत शिवला जाऊ शकतो. एका व्यापाऱ्याने मला एकदा २ ऑक्टोबरसाठी 'अहिंसा कलेक्शन' करायला सांगितलं होतं. शिवणावळीचा दर काढला तर तो आमच्या भागात चालू असलेल्या दरापेक्षाही कमी. मी दर वाढवून मागितला, त्याने दुसरीकडे काम दिलं. म्हणून तुझ्या प्रकल्पाच्या फाइलमध्ये मूडबोर्डच्या (कल्पनेची चित्रं, रंग, कापडं चिकटवलेल्या तक्त्याच्या) शेजारी एक पान हिशेबाचं हवं: कापड कुठलं, कोणी शिवलं, किती तास, तासाला किती रुपये.

आता तुझ्या प्रकल्पाकडे येते. बारा पोशाख नकोत, तीन कर. ऑलिव्हची फांदी सोडून दे, तुझ्या अंगणात ती कधी नव्हती. आधी महिनाभर कागद-पेन्सिल घेऊन फिर आणि तुझ्या आसपास कोणाला कशाची अडवणूक आहे ते बघ. शांतता बिघडते ती फक्त सीमेवर बिघडत नाही. कोणती मुलगी कोणत्या रस्त्याने जाताना ओढणी वेगळी घेते, कोणाला कपड्यांवरून ओळखून घर नाकारलं जातं, कोणाच्या टोपीकडे एस.टी.त लोक रोखून बघतात. ज्याच्यासाठी शिवतेस तो माणूस तुला नावाने माहीत हवा. त्याला विचार, हे घालशील का, कुठे घालशील, घातल्यावर कोण काय म्हणेल. तो नको म्हणाला तर तो पोशाख रद्द.

मग मांजरपाटावर नमुना कर, आणि पॅटर्न इतका सोपा ठेव की घरच्या मशीनवर दीड-दोन तासांत शिवून व्हावा. पॅटर्न सगळ्यांना फुकट दे, होल्टमने चिन्ह दिलं तसा. शिक्षक म्हणतील की यात तुझी कलाकुसर दिसत नाही. त्यांना झुझूचा पांढरा झगा दाखव आणि सांग की तिच्या हाताला आधी वीस वर्षांची सवय होती, म्हणून संकटात तो हात ओळखू आला. तुझा हात कोणता टाका सहज घालतो, तोच टाका वापर. आईकडून शिकलेली साखळी असेल तर साखळी.

वर्धा तुला जवळ आहे. सेवाग्रामला जा, आणि वर्ध्यात १९३८ पासून उभं असलेलं मगन संग्रहालय बघ. चरखे, माग, नैसर्गिक रंगांची खादी तिथे हाताळायला मिळेल. हातकताईच्या सुताला मध्येच जाड-बारीक येतं. मशीनवर ताण जास्त ठेवलास तर ते तिथेच तुटेल, सुई चौदा नंबरची लाव आणि टाका थोडा मोठा ठेव.

आणि आजोबांना सोबत ने. पहिला मांजरपाटाचा नमुना झाला की तो आधी त्यांच्या अंगावर चढव, कारण सगळ्यात अवघड प्रश्न त्यांनीच विचारलाय. ते काय म्हणाले ते मला कळव, आणि नमुन्याचा फोटो पाठवशील तर उलट्या बाजूने काढून पाठव. मला आतल्या शिवणी बघायच्या आहेत.